धाकटीच्या गावचं वेळेवरचं पाणी

लोक काशीला जातात, काश्मीरला जातात आणि आल्यावर फोटो दाखवतात. मी नळाला आलेलं पाणी बघायला गेले होते. माझ्या फोनमध्ये त्या प्रवासाचे जे फोटो आहेत त्यात एक फळा आहे, एक लांब दांड्याची लोखंडी चावी आहे आणि एका अनोळखी बाईचा काठोकाठ भरलेला हौद आहे. घरी सगळ्यांनी ते बघितले आणि फोन परत दिला.

ज्या गावाला गेले त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. गोदावरीच्या काठी आहे एवढं पुरे. त्यांचं कौतुक करायला बाकीचे पुष्कळ आहेत. आमचं गाव नगरच्या दक्षिणेला, जामखेडच्या अंगाला. उन्हाळ्यात पाहुणा आला की चहाच्या आधी तो किती दिवस राहणार हे विचारतात, असं गाव.

आमच्या नगरपरिषदेत मी पाणीपुरवठा सभापती आहे. नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं. त्या दिवशी कधी येईल ते देव जाणे. सकाळी येईल म्हणून बाई खुरपायला जात नाही, दुपारपर्यंत उंबऱ्यात बसते, संध्याकाळी कळतं की मोटर जळाली. मग ती मला फोन करते. मी अंकुशला फोन करते. अंकुश आमचा व्हॉल्व्हमन. रस्त्याखालचे व्हॉल्व्ह फिरवायची ती लांब चावी त्याच्या सायकलला बांधलेली असते, आणि ज्या नगरसेवकाचा फोन आधी येईल त्याच्या गल्लीकडे ती सायकल वळते. माझा आवाज मोठा आहे. त्यामुळं सायकल बहुतेक माझ्याकडेच वळते. खरं सांगायचं तर आमच्याकडं नगरसेवक म्हणजे ज्याच्या फोनवर पाणी सुटतं तो माणूस, आणि लोक मला मतं देतात ती याचसाठी.

आता त्या गोदावरीकाठच्या गावात पुण्याच्या एका संस्थेनं नगरपरिषदेशी करार करून पाण्याची वेळ बांधून दिली, असं गेली दोन वर्षं ऐकत होते. यंदा ती संस्था जिल्ह्यातलं आणखी एकच गाव घेणार होती. आमच्याबरोबर दुसरं एक गावही टपून बसलेलं होतं. संस्थेच्या मॅडम त्याच आठवड्यात तिथं येणार होत्या, तेव्हा जा, बघा आणि त्यांना आपल्याकडं यायला राजी करा, असं आमच्या मुख्याधिकारी साहेबांनी मला सांगितलं. राजी झाल्या तर आमच्या बायका खुरपायला जाऊ शकणार होत्या, नाहीतर उंबऱ्यातच बसणार होत्या.

मी लगेच हो म्हणाले नाही. कारण त्या गावची एक नगरसेविका म्हणजे माझी धाकटी बहीण शोभा.

आम्ही दोघी एकाच कोरडवाहू गावच्या. एकाच विहिरीवर घागरी घासल्या. माझं लग्न दोन डोंगर ओलांडून तसल्याच कोरड्या गावात झालं आणि शोभा पडली बागायतीत. तिच्या दाराशी पाट. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा म्हणाली, "अक्का, तिकडं लोक अंगणात पानी मारत्यात गं." त्या दिवसापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते आजतागायत थांबलेलं नाही.

येते म्हणून सांगायला तिला फोन केला तर पहिल्याच रिंगला उचलला. ती नेहमीच पहिल्या रिंगला उचलते. माझ्यासारखीला दोन-चार वेळा लावावा लागतो, कारण माझा फोन आधीच कुणाच्या तरी कानाला लागलेला असतो. सुखी माणसाला दुसरं काय काम, असं मी मनात म्हटलं.

"येतीस? खरंच?" ती ओरडलीच. "येताना हुलग्याचं पीठ आन. शेंगोळे करू. इकडं तसलं मिळत न्हाई."

नगरहून वर

माझ्याबरोबर आमच्या पाणी विभागातले गोरे भाऊसाहेब होते. निवृत्तीला आलेला सज्जन माणूस. एसटीत बसले की त्यांना मळमळतं, म्हणून खिडकी त्यांना आणि ऊन मला. नगरला माळीवाड्यावर गाडी बदलली. भाऊसाहेबांनी आल्याची वडी चघळली, मी कचोरी खाल्ली आणि त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मला दुसरी घेता आली नाही.

नगर सोडलं आणि राहुरीच्या अलीकडं रंग बदलला. आमच्याकडं त्या दिवसांत जमीन भाजलेल्या भाकरीच्या रंगाची असते. इथं दोन्ही अंगांना ऊस. गाडीतले सगळे रस्त्याच्या खड्ड्यांना शिव्या देत होते, मी उसाला देत होते. पाटात पाणी वाहत होतं, आणि त्यावर कुणाचं लक्षसुद्धा नव्हतं. एक म्हैस त्यात बसली होती. म्हशीचा हेवा वाटण्याची माझी पहिलीच वेळ.

कोल्हारच्या पुढं चहाला गाडी थांबली. टपरीशेजारी उसाच्या ट्रॅक्टरचं टायर बदलणं चाललं होतं आणि तोडणीची टोळी सावलीला बसली होती. त्यातली एक बाई माझ्या बोलण्यावर कान देऊन होती. शेवटी उठून आली.

"ताई, तुमी जामखेडकडच्या का?"

"हो. तू कुठली?"

तिनं सांगितलेलं गाव आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. ऊस त्यांचा आणि कोयते आमचे, हे ठाऊक असतं, तरी असं समोर येऊन बोललं की वेगळंच लागतं. मी तिला चहा पाजला. कशाला चालला म्हणून तिनं विचारलं. पाण्याचं सांगितलं तर ती हसायला लागली.

"बरं हाय. आमी पाचटाच्या कोपीत ऱ्हातो, पन हितं टाकीचं पानी रोज हाय. घरी गेलं की नळापाशी बसावं लागतंय. सासू म्हनती, तोडीवर हुतीस तेच बरं हुतं." मग ग्लास खाली ठेवत म्हणाली, "न्या काहीतरी तिकडून. नुसत्या हात हलवत जाऊ नका."

गाडी सुटेपर्यंत ती हात वर करून उभी होती.

फळा

शोभा स्टँडवर घ्यायला आली होती. अंगानं भरली आहे, केस मात्र माझ्यापेक्षा काळे. तेही मी बघून घेतलं. घराकडं जाताना नगरपरिषदेसमोर एक मोठा फळा दिसला. त्यावर उद्या कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी सुटणार ते खडूनं लिहिलेलं. मी थांबून फोटो काढला. जाणारे-येणारे माझ्याकडं बघायला लागले, फळ्याकडं कुणी बघेना.

"कुनी वाचत न्हाई गं आता," शोभा म्हणाली. "सगळ्यांना पाठ झालंय."

हे मला सगळ्यात जास्त लागलं. पुढच्या दोन दिवसांत मी त्या गावात लग्नांच्या, सासवांच्या, साखर कारखान्याच्या आणि कुत्र्यांच्या गप्पा ऐकल्या. पाण्याचा विषय एकाही तोंडातून निघाला नाही. आमच्याकडं मयताला गेलं तरी तिरडीमागं चालताना माणूस हळूच विचारतो, तुमच्याकडं आलं का.

शोभाच्या घरी नळाला तोटी होती. आमच्याकडं नळाला तोटी नसते, लागतच नाही. पाणी येतं तेवढा वेळ घरातलं प्रत्येक भांडं त्याखाली असतं. जेवायला तिनं शेवभाजी केली होती, वर कोथिंबीर, बाजूला राहात्याचे पेरू चिरून. सगळं उत्तम झालं होतं. मी मीठ कमी आहे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला तिच्या वॉर्डात घेऊन गेली. एका गल्लीत तोंडाशी बचत गटाची एक बाई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. फळ्यावरची वेळ झाली तसा व्हॉल्व्हमन आला, चावी घातली, फिरवली, निघून गेला. कुणी त्याच्या मागं धावलं नाही, कुणी त्याला चहा दिला नाही. घरोघरी नळ सुटले. एक बाई शाळेत खिचडी शिजवायच्या कामाला जाते, ती घाईत आली, हौद भरला, कुलूप लावलं आणि परत गेली. तिच्या हौदाचा फोटो मी काढला. ओट्यावरच्या बाईनं तांदळातून मान वर केली, कोपऱ्यातल्या घराच्या नळाची धार बघितली आणि ऑफिसला फोन लावून सांगितलं, "टायमात आलं, दाब बरा हाय," आणि परत तांदूळ. एवढंच.

एवढंच, आणि माझा जळफळाट झाला. आमच्याकडं पाणी सुटतं तेव्हा गल्लीत जत्रा असते, आरडाओरडा, भांडणं, घागरींचा खणखणाट. इथं पाणी चोरपावलानं येऊन घराघरात बसलं होतं. मला वाटलं, ह्या बायकांना आपण नळापाशी किती दिवस घालवले ते आठवतसुद्धा नसेल. मग वाटलं, नकोच आठवायला. मग परत राग आला.

करार काय होता ते गोरे भाऊसाहेब सगळ्यांना विचारत फिरत होते. गोष्ट साधी होती. माणसं, मोटरी आणि पगार नगरपरिषदेचे. संस्थेनं जमिनीखालच्या पाइपांचा नकाशा केला, गळती शोधली, व्हॉल्व्हमनांना शिकवलं आणि वेळा बसवून दिल्या. बचत गटाच्या बायका गल्लीगल्लीतून रोज कळवतात. वेळ चुकली तर का चुकली ते त्याच फळ्यावर लिहायचं, हे नगरपरिषदेनं कबूल केलं. आणि सगळ्यात वरची अट अशी की व्हॉल्व्हमनला कुठल्याही नगरसेवकानं फोन करायचा नाही. जे काही सांगायचं ते ऑफिसच्या एका नंबरवर.

भाऊसाहेबांनी ती अट ऐकली आणि माझ्याकडं बघितलं. मी पेरू खात होते.

सभागृह

दुपारी सभागृहात संस्थेच्या अनघा मॅडम भेटल्या. तिशीतली बाई, सुती कुडता, पायात चपला, बिनदुधाचा चहा. मी साडी बदलून, गजरा माळून गेले होते, आणि शाल-नारळ पिशवीत होता. शाल त्यांनी घेतली आणि शेजारच्या खुर्चीवर ठेवली. नारळ शोभानं उचलून बाजूला नेला. म्हणजे इथं तेही चालत नव्हतं.

मी आमच्या गावाचं गाऱ्हाणं मांडलं. चांगलं मांडलं, भाषणाची सवय आहे. बायका उंबऱ्यात कशा बसतात ते सांगितलं, कोल्हारच्या बाईचं सांगितलं. मॅडम मन लावून ऐकत होत्या. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"तुमच्याकडे व्हॉल्व्हमनला फोन कोण कोण करतं?"

"कुणीच नाही," मी म्हणाले. "आमच्याकडं तसलं काही चालत नाही."

गोरे भाऊसाहेबांना ठसका लागला. आणि त्याच वेळी माझा फोन वाजला. इंदूबाई होती, माझ्या वॉर्डातली. इंदूबाईचा फोन मी टाळत नाही, तिच्या भावकीत मतं भरपूर आहेत. मॅडमना "एक मिनिट" म्हणून मी बाहेर गॅलरीत गेले.

"ताई, आज पोरीची हळद हाय आन् नळाला थेंब न्हाई! मांडवात मानसं बसलीत. काय करू मी?"

आता मी काय केलं ते इथं सांगावं लागलं नसतं तर बरं झालं असतं. मी काही ठरवलं नाही. हात आपोआप गेला. अंकुशला फोन लावला आणि ज्या आवाजात गेली कित्येक वर्षं लावते त्याच आवाजात म्हणाले, "अंकुश! कुठं हायस? सोड ती पेठेतली लाइन. इंदूबाईच्या गल्लीचा व्हॉल्व्ह उघड आन् हळद उरकूपर्यंत बंद करायचा न्हाई. कुनी इचारलं तर माझं नाव सांग!"

गॅलरीची खिडकी उघडी होती.

आत आले तर सगळे आपापल्या कपात बघत होते. भाऊसाहेब तर असे बघत होते की कपात त्यांचं काहीतरी हरवलं आहे. शोभानं तोंडाला पदर लावलेला, ती हसत होती की काय ते कळेना. मी खुर्चीत बसले. मॅडम शांतपणे म्हणाल्या,

"आलं का पाणी?"

"येईल," मी म्हणाले.

तेवढ्यात परत फोन. इंदूबाईचा आवाज सगळ्या सभागृहाला ऐकू गेला. "आलं बाई, आलं! तुमच्यामुळं आलं! पोरीला तुमच्या हातची हळद लागायला पायजे हुती!"

काय सांगू, त्या फजितीत बसलेली असतानाही छाती फुगली. मॅडमनी ते बघितलं असणार. "बघते मी," म्हणून त्या उठल्या आणि त्यांच्या कामाला लागल्या. मला वाटलं, झालं. ती खुरपणाऱ्या बायकांची आशा मी माझ्या हातानं गॅलरीतून खाली फेकली. आणि त्याहून वाईट म्हणजे शोभाच्या देखत.

घाटावर

संध्याकाळी शोभानं मला गोदावरीच्या घाटावर नेलं. नदी अंगभर होती. पायरीवर बसून मी पाण्यात पाय सोडले. एवढं पाणी नुसतं पाय सोडायला मिळतं, ह्याचाही राग येत होता. सभागृहातलं ती काही बोलली नाही, म्हणून मीच म्हणाले, "हस की आता. मघाशी पदरात हसत हुतीस."

"हसत नव्हते गं."

"मग?"

तिनं कमरेचा फोन काढून माझ्या मांडीवर ठेवला.

"बघ. सकाळपासून एक फोन आलाय. तो पन आमच्या ह्यांचा न्हाई, कुठल्या तरी कर्जवाल्या कंपनीचा." मग म्हणाली, "तुला त्या इंदूबाईनं काय सांगितलं? तुमच्यामुळं आलं. किती दिस झाले अक्का, मला कुनी असं बोललं न्हाई. पानी येतंय ना आता, नळाला येतंय म्हनत्यात. येळ झाली म्हनून येतंय म्हनत्यात. मी कशात हाय?"

मी पाय पाण्यातून वर घेतले.

"पयलं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझ्या दारात पाय ठेवायला जागा नसायची. वानाला आनलेल्या वाट्या कमी पडायच्या. यंदा वाट्या उरल्या गं. कपाटात तशाच हायत. कुनी माझ्यावर रागावलेलं न्हाई, रस्त्यात भेटल्या तर चांगल्या बोलत्यात. पन घरी यायला काम पायजे ना काहीतरी."

"मग अट मोडायची," मी म्हणाले. "एखादा फोन करायचा वॉलमनला. कोन बघतंय?"

"केलता," ती म्हणाली. "पहिल्या उन्हाळ्यात. तो म्हनला, ताई, ऑफिसला सांगा. आन् ऑफिसातली पोरगी म्हनली, फळ्यावर येळ लिवलीय की. ती बरोबर बोलली. मला तिचं तोंड बघवंना." तिनं डोळे पुसले. "गल्लीतल्या बाया टायमात कामाला जात्यात, ते मला दिसतंय. ते मोडायचं न्हाई. पन आज तू गॅलरीत वरडत हुतीस तवा मला तुझा असा हेवा वाटला, असा हेवा वाटला, की वाटलं हिच्या हातातला फोन हिसकावून घ्यावा."

मला बरं वाटलं. सख्खी धाकटी बहीण माझ्या शेजारी बसून रडत होती आणि मला बरं वाटलं. जन्मभर जिच्या पाटाचा, तोटीचा, काळ्या केसांचा हेवा केला तिला माझ्या घशाचा हेवा वाटत होता. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तो हात अगदी खोटा नव्हता.

घरी येऊन शेंगोळे केले. हुलग्याच्या पिठाच्या वळ्या ती माझ्याहून भराभर वळत होती, लसणाची फोडणी बसली तसा घरभर आमच्या आईचा वास सुटला. तिनं ताटात पुन्हा पुन्हा वाढून घेतलं आणि शेवटी भांडं पुसून खाल्लं. पाण्याच्या गावात राहून कोरड्या गावचं एवढं आवडीनं खाणारी माझी बहीण मला नीटशी कळलेली नव्हती, असं मला पहिल्यांदाच वाटलं.

परतीची अट

सकाळी स्टँडवर अनघा मॅडम स्वतः आल्या. मी नमस्कार केला आणि खाली बघितलं.

"काल तुम्ही फोन केलात, पाणी लगेच आलं," त्या म्हणाल्या. "म्हणजे तुमचा माणूस ऐकतो. फक्त तो तुमचं ऐकतो, वेळेचं ऐकत नाही. एक करा. पुढची पाण्याची पाळी तुमच्या फोनशिवाय जाऊ द्या. गोरे साहेब गल्ल्यांचा क्रम लावतील. लोकांचा फोन आला तर त्यांना ऑफिसला करायला सांगा. हे जमलं तर आम्ही तुमच्याकडे येऊ."

"आणि नाही जमलं तर?"

"दुसरं गाव वाट बघतंय."

गाडीत भाऊसाहेबांनी एकदा माझ्याकडं, एकदा खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, "ताई, अवघड आहे." मग त्यांना मळमळायला लागलं. कोल्हारला मी खाली उतरून बघितलं. ट्रॅक्टर नव्हता, टोळी नव्हती. उसाचं पाचट तेवढं पडलेलं होतं.

घरी

पाळीच्या दिवशी पहिला फोन खुद्द अंकुशचा आला. "ताई, कुठून सुरू करू?" त्याच्या सायकलचं हँडल माझ्या हातात देऊन तो उभा होता.

"भाऊसाहेबांनी लावलंय तसं," मी म्हणाले. "आन् अंकुश, आता मला फोन करू नकोस."

भाऊसाहेबांनी, हा माणूस सज्जन आहे म्हणून मघाशी सांगितलं ते आता मागं घेते, माझी स्वतःची गल्ली सगळ्यात शेवटी लावली होती. फोन वाजायला लागले. मी प्रत्येकीला ऑफिसचा नंबर सांगत होते. इंदूबाईला सांगितला तेव्हा तिनं तो दोनदा विचारून घेतला. मग म्हणाली, "मग तुमी काय कामाच्या, ताई?" तिनं रागानं नव्हतं विचारलं. तिला खरंच प्रश्न पडला होता. मलाही पडला.

दुपारी समोरच्या गल्लीला पाणी सुटलं, ती धार मला ओट्यावरून दिसत होती. माझे नळ कोरडे. हात फोनकडं गेला, मी तो डाळीच्या डब्यात घातला आणि झाकण लावलं. आमचं पाणी आलं तेव्हा दिवस कलला होता. पण भाऊसाहेबांनी सांगितलेल्या वेळेलाच आलं.

मॅडम येणार, हे दोन दिवसांनी कळलं. त्यांनी फोन केला होता तो ऑफिसच्या नंबरवर. मला भाऊसाहेबांनी येऊन सांगितलं. पेढा त्यांनीच आणला होता, गोड होता, आणि मी अर्धाच खाल्ला.

आता आमच्याही नगरपरिषदेसमोर फळा आहे. मॅडमची माणसं रस्ते खणून पाइप शोधत असतात. वेळ अजून कधीमधी चुकते, पण का चुकली ते लिहिलेलं असतं. माझ्या वॉर्डातल्या बायका सकाळी डबे घेऊन खुरपायला जाताना दिसतात. इंदूबाईसुद्धा जाते. लांबून हात करते, घाईत असते.

परवा पाळीच्या दिवशी मी ओट्यावर बसले होते. टायमात पाणी सुटलं. गल्लीत कुणी ओरडलं नाही. फोन शेजारी उताणा पडला होता, आणि तो वाजला. शोभा होती.

"अक्का, कसं चाललंय गं? फोन वाजतो का न्हाई?"

"वाजतो की," मी म्हणाले. "सारखा वाजतो. उसंत न्हाई बघ."

"अक्का," ती म्हणाली, "पयल्याच रिंगला उचललास."